कोंबड्यांचे तीन राखणदार

आपल्याकडं पूर्वी खुराडं वाड्याच्या आतच असायचं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. रात्री दार लावलं की कुत्र्याला वाटच नाही. उरलेल्या कोंबड्या दारच्या लिंबावर बसायच्या.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सास्तूर भागातले असले वाडे पडले. लातूर-धाराशिवची 52 गावं नव्या जागी वसली. रस्ते रुंद झाले, घरं सुटी झाली, परस उघडं पडलं. त्याच काळात डायक्लोफेनॅक या औषधामुळं देशभर गिधाडं संपत गेली आणि मेलेली जनावरं मोकाट कुत्र्यांच्या वाट्याला आली. त्यात बंगळूरची गिरिराज आली. अंगानं जड, तिला झाडावर उडता येत नाही.

म्हणजे भिंत, गिधाड आणि लिंबाची फांदी, तिन्ही राखणदार गेले. त्यांचं काम आता आपल्याकडं आलंय. खुराडं दोन-अडीच फूट उंचावर घ्या, जाळी जाड वेल्डमेशची लावा. कुत्रं खालून उकरतं, म्हणून आवाराची जाळी फूटभर जमिनीत पुरा. दिवेलागणीआधी कडी घाला. मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. विष मात्र टाकू नका; तो गुन्हा आहे, आणि त्यात राखणीचं कुत्रंही मरतं.