सोनमाशाच्या अंगावरचा कापूस

थंडीच्या दिवसांत हिरण्यकेशीकाठच्या आमच्या संकेश्वरात काचेच्या पेटीतील पाणी रात्रीतून गार पडते, आणि एखाद्या सकाळी सोनमाशाच्या शेपटीवर पांढऱ्या कापसासारखा पुंजका दिसतो. मुले धावत येऊन विचारतात, ‘‘गुरुजी, यावर औषध कोणते?’’ या प्रश्नाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. त्यातील निम्मा भाग औषधालयात नव्हे, तर रंगाच्या कारखान्यात घडला.

सोनमासा मूळचा चीनचा. सुमारे हजार वर्षांपूर्वी सोंग राजवटीत तो हौसेने पाळला जाऊ लागला आणि सतराव्या शतकात युरोपात पोचला. माशावरील बुरशीचे वर्णन १७४८ साली इंग्लंडातील नॉर्विचच्या विल्यम आर्डेरॉन यांनी रॉयल सोसायटीस कळविले. तो मासा मात्र रोच नावाचा, नदीतला. पुढे या बुरशीला सॅप्रोलेग्निया हे नाव मिळाले. १८७७ पासून स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरील नद्यांत सामन मासे या कापसाने माखून मरू लागले, तेव्हा सरकारने चौकशी आरंभिली. प्रसिद्ध शास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी १८८२ साली सामनवरील बुरशी मेलेल्या घरमाश्यांवर वाढवून दाखविली. म्हणजे ही बुरशी मुळात मढ्यावर जगणारी. तिचे बीजाणू शेपटीसारख्या तंतूंनी पोहत पाण्यात सर्वत्र हिंडत असतात, आपल्या हिरण्यकेशीतही. धडधाकट माशाच्या बुळबुळीत कातडीपुढे त्यांचे फारसे चालत नाही. जखम झाली, पाणी नासले, की दार उघडले.

आजचे शास्त्रज्ञ तर तिला खरी बुरशीच मानीत नाहीत. तिचे नाते बटाट्यावरील उशिराच्या करप्याशी आहे, ज्याने १८४५ पासून आयर्लंडात दुष्काळ माजविला. बेळगावकडच्या बटाटेवाल्या शेतकऱ्यास हे नातेवाईक निराळे सांगावयास नकोत!

आता रंगाची गोष्ट. १८७६ साली जर्मनीत हाइन्रिख कारो यांनी कापड रंगविण्यासाठी मेथिलीन ब्लू तयार केला. १८९१ साली एर्लिख व गुटमन यांनी तोच हिवतापाच्या रोग्यांना दिला. आज माशांच्या अंड्यांवर बुरशी चढू नये म्हणून हौशी लोक पाण्यात टाकतात ती निळी शाई हीच. त्याच्या मागोमाग, १८७७ साली, मॅलकाइट ग्रीन निघाला. रेशीम व कातडे रंगविणारा हा हिरवा रंग १९३६ साली अमेरिकेत फॉस्टर व वुडबरी यांनी माशांच्या बुरशीवर वापरला, आणि तो इतका गुणकारी ठरला की मत्स्यपालनाच्या केंद्रांतून त्याचा बोलबाला झाला.

पण गुण आला तसा दोषही उघड झाला. हा रंग माशाच्या मांसात रूप पालटून दीर्घकाळ राहतो, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याच्याविषयी कर्करोगाची शंका बळावली. अमेरिका व युरोपीय संघ यांत खाण्याच्या माशांसाठी तो आज वर्ज्य आहे. आपल्या बाजारात हिरवी मिरची व भेंडी ताजी दिसावी म्हणून लबाड विक्रेते चोळतात तो रंगही हाच. द्रव पॅराफिनमध्ये भिजविलेला कापूस मिरचीवर घासला आणि हिरवा झाला, तर ती मिरची घेऊ नये. अशा रंगाची बाटली मुलांच्या हाती देणे मला तरी पसंत नाही.

मग उरते मीठ. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात, म्हणून जखमेतून पाणी आत घुसते व ते बाहेर टाकता टाकता मासा थकतो. पाणी किंचित खारे केले की हा भार हलका होतो, आणि बुरशीलाही खारेपणा मानवत नाही. दर लिटरला १ ते ३ ग्रॅम साधे खडे मीठ, आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून, दोन दिवसांत थोडे थोडे घालावे. आजारी मासा निराळ्या भांड्यात ठेवावा. रोज चौथा हिस्सा पाणी, तितक्याच उबेचे व तितकेच खारे, बदलावे. नळाचे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावे. पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही, त्या मूळच्या पेटीतच राहू द्याव्यात.