राखीव टाकीचा इतिहास : मोटारीच्या शीतकरणातील पाण्याचा व्यय आणि जतन

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास बहुधा वेग, अश्वशक्ती आणि कारखानदारी यांच्या अंगाने लिहिला जातो. इंजिनात निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग चाकांपर्यंत न पोहोचता बाहेर टाकावा लागतो, ही बाब त्यामुळे काहीशी दुर्लक्षित राहते. रेडिएटरशेजारी बसविलेली प्लास्टिकची छोटी टाकी हा या दुर्लक्षित इतिहासाचा अखेरचा टप्पा होय. रेडिएटर धुऊन नवे कूलंट भरल्यानंतर एकदोन दिवसांत या टाकीतील पातळी खाली गेलेली दिसते आणि गाडीमालक गळतीच्या शंकेने चिंतेत पडतो. याउलट, टाकी काठोकाठ भरलेली पाहून तो निश्चिंतही होतो. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. ही टाकी कोणत्या गरजेतून निर्माण झाली याचा मागोवा घेऊन तिच्या पातळीचा अर्थ स्पष्ट करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पाणी खर्ची पडण्याचा काळ

कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत आजच्या अर्थाने रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचे पाणी उकळत असे, वाफ होऊन निघून जात असे आणि तितके पाणी पुन्हा भरावे लागत असे. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ यांनी मानहाइम ते फोर्त्सहाइम हा शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास आपल्या दोन मुलांसह केला, तेव्हा त्यांना वाटेत ठिकठिकाणी पाणी घ्यावे लागले. म्हणजे इंधनाप्रमाणेच पाणी हीदेखील प्रवासात खर्ची पडणारी वस्तू होती.

विल्हेल्म मायबाख यांच्या मधाच्या पोळ्यासारख्या रेडिएटरने ही स्थिती पालटली. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीतील रेडिएटरमध्ये ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. हवेशी संपर्क येणारे क्षेत्रफळ वाढल्याने अवघ्या ९ लिटर पाण्यावर इंजिन थंड राखणे शक्य झाले. तेच पाणी फिरून फिरून वापरण्याची कल्पना येथे प्रत्यक्षात उतरली. तथापि ही व्यवस्था अद्याप उघडीच होती. तापल्यावर फुगलेले पाणी वरच्या नळीवाटे रस्त्यावर सांडे आणि थंड झाल्यावर त्याची जागा हवा घेई. १९०८ पासून बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत तर बहुतांश काळ पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी वर जाते व थंड पाणी खाली येते, एवढ्याच तत्त्वावर तिचे अभिसरण चाले. पाण्याची पातळी राखणे हे चालकाचे नित्यकर्म होते.

द्रवाचे मोल वाढले

उघड्या व्यवस्थेला पहिले आव्हान थंडीने दिले. पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून थंड प्रदेशांत त्यात अल्कोहोल मिसळण्याची प्रथा होती. परंतु मेथिल अल्कोहोल सुमारे ६५ आणि एथिल अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे इंजिन तापताच हे संरक्षण उडून जाई. एथिलीन ग्लायकोल हे रसायन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल आडोल्फ व्युर्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तयार केले होते. मोटारींसाठी त्याची व्यापारी विक्री अमेरिकेत १९२० च्या दशकात सुरू झाली. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १९७ अंश असल्याने ते सहजासहजी उडत नाही. पाण्याशी समप्रमाणात मिसळल्यास ते मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खालपर्यंत गोठत नाही.

या बदलाचा आर्थिक अर्थ महत्त्वाचा आहे. ओढ्याचे पाणी सांडले तरी कोणाचे फारसे बिघडत नव्हते. विकत घेतलेले रसायन सांडणे मात्र परवडणारे नव्हते. शिवाय ग्लायकोल विषारी असून चवीला गोड असल्याने रस्त्यावर वा अंगणात सांडलेले मिश्रण मुलांना आणि जनावरांना घातक ठरते. द्रव जपण्याची गरज अशी दुहेरी होती.

दाब आणि बंदिस्त व्यवस्था

दुसरा बदल दाबाचा. बंद भांड्यात दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो. वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे १ बार दाब चढविल्यास साधे पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळते. रोल्स-रॉइसच्या ‘मर्लिन’ या विमान-इंजिनात ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकोल यांचे मिश्रण दाबाखाली वापरले गेले. मोटारीतही दाब धरणारे झाकण रूढ झाले. आता प्रश्न उरला तो फुगणाऱ्या द्रवाचा. २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापताना पाण्याचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. ८ लिटरच्या व्यवस्थेत ही वाढ पाव लिटरहून अधिक भरते. द्रव सांडू द्यायचा नसेल, तर त्याला तात्पुरता निवारा हवा. १९६१ च्या ‘रेनॉ ४’ या गाडीत बंदिस्त शीतकरण आणि त्याला जोडलेले छोटे प्रसरणपात्र देण्यात आले, आणि वारंवार पाणी भरण्यापासून सुटका हे तिचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले.

पातळीचा अर्थ

आज या टाकीचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात टाकी दाबाबाहेर असते. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर एक झडप उघडून द्रव टाकीत जातो. इंजिन थंड होताना आत निर्वात निर्माण होतो आणि दुसऱ्या झडपेतून तोच द्रव परत ओढला जातो. दुसऱ्या प्रकारात टाकी स्वतःच दाबाखाली असते आणि द्रवातील हवा तिच्यात वेगळी होते.

रेडिएटर धुऊन भरताना इंजिनाच्या पोकळ्यांत हवा अडकून राहते. थर्मोस्टॅट उघडून द्रव सर्वत्र फिरू लागला की ही हवा बाहेर पडते आणि थंड होताना तिच्या जागी टाकीतील द्रव आत जातो. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत पातळी उतरणे हे यंत्रणा योग्य रीतीने भरत असल्याचे लक्षण असते. इंजिन पूर्ण थंड असताना किमान व कमाल या खुणांच्या दरम्यान पातळी आणावी. त्यानंतरही ती उतरतच राहिली, तर मात्र गळतीचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

पहिल्या प्रकारच्या टाकीबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. परतीची झडप निकामी असेल वा जोडनळीला चीर असेल, तर द्रव टाकीत जातो, पण परत येत नाही. अशा वेळी टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा अशी स्थिती उद्भवते. तेव्हा भरलेली टाकी ही सुरक्षिततेची हमी नव्हे. गरम-थंड होताना तिची पातळी वरखाली होते की नाही, हेच पाहावयास हवे. रेडिएटरमधील पातळी पाहायची तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे.

निष्कर्ष

बंदिस्त व्यवस्थेने चालकाचे श्रम वाचविले, परंतु पाण्याशी असलेला त्याचा रोजचा परिचयही संपविला. उघड्या व्यवस्थेच्या काळातील सवयी मात्र मागे उरल्या. घाटात गाडी तापताच झाकण उघडून पाणी ओतण्याची सवय त्यांपैकीच एक. दाबाखालील द्रव झाकण उघडताच उसळून उकळतो आणि गंभीर भाजण्याचे कारण ठरतो. थंड पाण्याच्या एकाएकी स्पर्शाने तापलेल्या धातूला तडा जाण्याचा धोकाही असतो. यंत्र बदलले, पण त्याविषयीचे व्यवहारज्ञान त्याच गतीने बदलले नाही, ही विसंगती तंत्रज्ञानाच्या इतिहासात अनेकदा दिसते. राखीव टाकी हे केवळ साठवणुकीचे भांडे नसून बंद यंत्रणेच्या आत काय चालले आहे हे सांगणारी बाहेरची खूण आहे. तिचे वाचन करता येणे, हा या इतिहासाचा व्यवहारातील उपयोग होय.