भिडू जमावा कसा?

पत्त्यांना चौथा गडी कमी पडला म्हणून शेजारच्या बिऱ्हाडातून कुणाला तरी ओढून आणावे, आणि त्याने पहिल्याच हातात हुकूम फुकट घालवावा, हा अनुभव कुणाला नाही? पण पत्त्यांत निदान जिंकणे म्हणजे काय याविषयी दुमत नसते. मी ज्या खेळाचा इतिहास सांगणार आहे, त्यात त्याच प्रश्नाचे घोंगडे पन्नास वर्षे भिजत पडले आहे.

खेळ अमेरिकेतला, नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. पाचसहा जणांनी टेबलाभोवती बसायचे. एकाने पंच व्हायचे, बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक अशी सोंगे घ्यायची. पंच म्हणणार, ‘समोर अंधारे भुयार आहे’. भिडू म्हणणार, ‘मी मशाल पेटवून आत शिरतो’. पुढे निभावेल की नाही, ते बहुधा फासे सांगणार. भातुकली आणि युद्धपट यांचे हे लग्न म्हणा ना!

वराकडची मंडळी लष्करी. प्रशियन सैन्यात १८२४ साली राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ रुजवला. पुढे १८८० साली टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगोस’ हा ग्रंथ लिहिला. तो मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागला, आणि त्यातला सर्वाधिकारी पंच त्याला फार भावला. १९६९ साली त्याने ब्राउनस्टाइन नावाच्या कल्पित जर्मन गावावर नेपोलियनच्या काळातला एक डाव मांडला. गडी पुष्कळ होते, म्हणून कुणाला नगराध्यक्ष केले, कुणाला पेढीवाला, कुणाला विद्यापीठाचा प्रमुख. झाले! मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत कारस्थाने करीत बसली. लढाई राहिली बाजूलाच. वेस्लीच्या मते डाव साफ फसला होता. गडी मात्र विचारू लागले, पुन्हा केव्हा?

मला या प्रसंगाची मोठी मौज वाटते. खेळाचा जन्म व्हायचा होता, आणि मांडणाऱ्याला हवे ते एक, खेळणाऱ्यांना हवे ते दुसरे, हे तेव्हाच उघड झाले होते.

त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने १९७१ साली ‘ब्लॅकमूर’ हे अद्भुत राज्य उभे केले. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने ते पाहिले, आणि दोघांच्या नावाने १९७४ साली हा खेळ छापून निघाला. श्रेयावरून दोघांत पुढे कोर्टकज्जा झाला. त्यात मी शिरत नाही. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती: एका पेटीत तीन पुस्तिका. नियम इतके त्रोटक की पुष्कळ जागा ज्याने त्याने आपल्या अकलेने भरायच्या. एका मोहिमेत चारपासून पन्नासपर्यंत भिडू चालतील, असेही त्यात म्हटले होते! साहजिकच गावोगाव निराळा संसार थाटला गेला. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेला ते नियम किचकट वाटले. त्याने साध्या सहा बाजूंच्या फाशांवर १९७५ साली ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ रचला. त्याच साली लॉस एंजेलिसला ली गोल्ड या बाईंनी ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ काढले. वर्गणीदारांनीच आपापली पाने लिहून पाठवायची, बाईंनी ती एकत्र बांधून टपालात टाकायची. हस्तलिखित मासिकांची हौस केलेल्यांना त्यातला जिव्हाळा वेगळा सांगायला नको. आपल्या टेबलावर कसे खेळतात हे लोक त्यात हिरिरीने मांडू लागले. वादही झडू लागले.

अखेर १९८० साली ग्लेन ब्लॅकोने ‘डिफरंट वर्ल्ड्स’ नियतकालिकात खेळाच्या चार तऱ्हा सांगितल्या. कुणाला आपले पात्र बलाढ्य व्हायला हवे. कुणाला त्या पात्राच्या अंगात शिरायचे असते. कुणाला डावपेच लढवायचे. तर कुणाला गोष्ट रंगायला हवी. पहिल्या जातीचा गडी चौथ्या जातीच्या टेबलावर बसला की दोघांचीही संध्याकाळ वाया! एकाच्या डोळ्यांपुढे खजिना, दुसऱ्याच्या तोंडी राजकन्येचा विलाप.

पुढे २००२ साली रॉबिन लॉजने ही यादी वाढवून सातांवर नेली. त्यांतला सातवा माझा लाडका. त्याला ना खजिना हवा, ना कथा. बाकीचे मित्र येतात म्हणून तोही येतो, आपली पाळी आली की फासा टाकतो, आणि लॉजने पंचांना बजावले आहे की त्याला उगाच पुढे ढकलू नका. बैठक मोडत नाही ती पुष्कळदा त्याच्यामुळे.