जे धरण झालंच नाही, ते बघायला गेलो होतो

पोस्ट लांब आहे. पण पाटण, कराड, शिराळा, शाहूवाडीकडच्या मंडळींनी तरी वेळ काढून शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

केरळला जाणारी आपली माणसं मुन्नार, आलेप्पी करून परत येतात. मी या वेळी वाट वाकडी करून पालक्काड जिल्ह्यातल्या सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानात गेलो. कारण अगदी घरगुती आहे. माझं आजोळ कोयनेच्या शिवसागराखाली आहे. आई उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की लांबून बोट दाखवायची, "तिथं आमचं घर होतं." तेव्हा दिसायचं फक्त पाणी आणि चिखल. त्यामुळे धरण होणार होतं आणि झालं नाही, अशी जागा एकदा डोळ्यांनी बघायची होती.

मन्नारक्काडहून घाट चढून मुक्कालीला जायचं. तिथून पुढे आपली गाडी चालत नाही, वनखात्याच्या परवानगीने जीपमधून वीसेक किलोमीटर जंगलातून सैरंध्रीपर्यंत जायचं. सैरंध्री म्हणजे विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी. पांडव अज्ञातवासात इथे होते अशी तिकडची समजूत. नदीचं नावही कुंतीपुळा, पुळा म्हणजे नदी. इंग्रजांनी या रानाला 'सायलेंट व्हॅली' का म्हटलं यावर दोन-तीन मतं आहेत. कुणी म्हणतं सैरंध्रीचाच अपभ्रंश, कुणी म्हणतं इथे रातकिड्यांची किरकिर नाही म्हणून. आमच्या जीपचं इंजिन बंद झालं तेव्हा मला तरी किरकिर चांगली ऐकू आली!

आमच्याबरोबरचा गाईड अट्टप्पाडीतलाच, आदिवासी समाजातला तरुण होता. मोडकं हिंदी, थोडं इंग्रजी आणि बरंचसं हातवारे. त्याने एका उंच झाडाकडे बोट दाखवलं. फांद्यांना फणसासारखी काटेरी, पण लहान फळं लगडलेली. तिकडे त्याला 'वेडी प्लावु' म्हणतात. प्लावु म्हणजे फणस. सिंहपुच्छ माकड बरंचसं या झाडावर जगतं. काळं अंग, चेहऱ्याभोवती करडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. हे माकड फक्त पश्चिम घाटात सापडतं, जगात दुसरीकडे कुठेच नाही. आम्हाला दिसलं नाही. जळवा मात्र भरपूर दिसल्या, पायाला लागल्यावर.

सैरंध्रीला उंच मनोरा आहे. वर चढलो. जिकडे बघावं तिकडे न तुटलेलं सदाहरित रान आणि खाली दरीत कुंतीपुळेची रेघ. गाईड दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेकडे हात करून म्हणाला, "सार, डॅम. वहाँ." तिथे काहीच नव्हतं. तेच तर बघायला आलो होतो.

आता इतिहास.

ही जागा धरणाला चांगली आहे हे इंग्रजांच्या काळात, १९२८ सालीच हेरलं गेलं होतं. पुढे केरळच्या वीज मंडळाने प्रकल्प मांडला आणि १९७३ मध्ये नियोजन आयोगाने सुमारे २५ कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. सुरुवातीला १२० मेगावॅट वीज आणि पाण्याखाली जाणार सुमारे ८३० हेक्टर जंगल. कागदावर बघाल तर सौदा वाईट दिसत नव्हता. मलबारचा भाग मागे पडलेला, उद्योग नाहीत, वीज कमी. आणि मुख्य म्हणजे बुडणाऱ्या भागात गाव नव्हतं. कुणाला उठवायचं नव्हतं. मग अडचण काय?

पैशाअभावी काम रखडलं म्हणून रान वाचवायला वेळ मिळाला. १९७६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या पर्यावरण समितीने एक कृतिगट नेमला. अध्यक्ष होते मुंबईचे पक्षीनिरीक्षक झफर फतेहअली. त्यांच्या गटाने सांगितलं, प्रकल्प सोडून द्यावा. पण त्याच अहवालात पुढे असंही लिहिलं की करायचाच असेल तर या या अटी पाळा. सरतेशेवटी १७ अटींची यादी.

झालं! राज्य सरकारने पहिलं वाक्य बाजूला ठेवलं आणि यादी उचलली. आम्ही सगळ्या अटी पाळतो, कायदाही करतो, मग हरकत कसली? १९७९ मध्ये तसा कायदा केलाही. मंडळी, या जागेवर जरा थांबा. 'नको' म्हणणाऱ्या कागदातली एक पळवाट पुढची चार-पाच वर्षं लोकांना झुंजवत राहिली.

झुंजले कोण? मोठी नावं होतीच. डॉ. सलीम अली होते, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती. पण खरा भार उचलला तो शाळा-कॉलेजातल्या मास्तरांनी. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी मलयाळीत लिहायला सुरुवात केली. १९६२ मध्ये स्थापन झालेली केरळ शास्त्र साहित्य परिषद ही संस्था त्यात उतरली. या संस्थेचं काम म्हणजे विज्ञान सोप्या मलयाळीत गावोगाव नेणं. त्यांनी १९७९ मध्ये प्रकल्पाचा हिशेबच मांडला: किती वीज, किती खर्च, मलबारला वीज द्यायचे दुसरे मार्ग कोणते. नुसतं 'माकड वाचवा' म्हटलं असतं तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. आणि हसत होतेच. माणूस मोठा की माकड, हा सवाल तेव्हा केरळात चौकाचौकात विचारला जायचा. संस्थेत वीज मंडळाच्या कामगारांशी, डाव्या पक्षांशी जवळीक असलेले लोक होते. आपल्याच माणसांशी भांडण घ्यावं लागलं. ते सर्वांत अवघड असतं, हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

कवीही उतरले. सुगतकुमारी यांची 'मरत्तिनु स्तुति' ही कविता सभांच्या सुरुवातीला म्हटली जायची. मलयाळीत 'मरम्' म्हणजे झाड. झाडाची स्तुती.

प्रकरण कोर्टात गेलं. स्थगिती मिळाली आणि १९८० च्या जानेवारीत हायकोर्टाने याचिका फेटाळली. म्हणजे कोर्टात हरले. हे आवर्जून सांगतोय, कारण कोर्टात गेलं की संपलं असं आपल्याकडे धरून चालतात. त्याच महिन्यात इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी राज्याला काम थांबवायला सांगितलं.

पुढचा डाव बघा. १९८० च्या डिसेंबरात राज्य सरकारने सायलेंट व्हॅलीला राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. फक्त प्रकल्पाची जागा वगळून! म्हणजे घर तुमचं, चूल आमची.

मग केंद्र आणि राज्याची संयुक्त समिती बसली. अध्यक्ष एम. जी. के. मेनन, एकेकाळचे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक. समितीत आपले पुण्याचे माधव गाडगीळही होते. अहवालानंतर १९८३ च्या नोव्हेंबरात प्रकल्प गुंडाळला गेला. १५ नोव्हेंबर १९८४ ला पूर्ण भाग राष्ट्रीय उद्यान झाला, क्षेत्र ८९.५२ चौरस किलोमीटर. त्याआधी पंधरा दिवस इंदिरा गांधींची हत्या झाली होती. ७ सप्टेंबर १९८५ ला राजीव गांधींनी उद्यानाचं उद्घाटन केलं. सैरंध्रीला त्याचं स्मारक आहे.

तिथे उभा असताना मला सारखी कोयना आठवत होती.

आपल्याकडे हा वादच झाला नाही. कोयनेने महाराष्ट्राला वीज दिली, १,९०० मेगावॅटच्या वर. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना दिली, आपल्या विहिरीवरच्या मोटारींना दिली. मी ही पोस्ट ज्या फोनवर लिहितोय तोही त्याच विजेवर चार्ज झाला असेल. त्यामुळे 'कोयना नको होती' असं मी म्हणणार नाही. माझी आईही कधी म्हणाली नाही. पण तिच्या गावाला कुणी विचारलंही नव्हतं. तेव्हा तशी रीतच नव्हती. गाव उठलं आणि माणसं चार जिल्ह्यांत विखुरली. इतक्या वर्षांनंतरही कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी ठिय्या देऊन बसलेले आपण पाहिलेत.

पुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली. त्या एकाच यादीत सायलेंट व्हॅलीही आहे आणि आपली कोयना, चांदोली, राधानगरी, कासही. एकच डोंगररांग, एकच वारसा. फरक इतकाच की तिथे धरण न होता जंगल राखलं गेलं आणि इथे आधी धरणासाठी माणूस उठला, मग उरलेल्या जंगलासाठी पुन्हा माणूस उठला. चांदोलीच्या बऱ्याच गावांनी दोन्ही भोगलंय.

म्हणून सायलेंट व्हॅलीची गोष्ट सांगताना 'केरळवाले बघा किती निसर्गप्रेमी' एवढं म्हणून भागत नाही. तिथे बुडणारं गाव नव्हतं, त्यामुळे वाद जंगल आणि वीज यांच्यातच राहिला. आपला सह्याद्री वस्तीचा आहे. देवराया आहेत, धनगरवाडे आहेत, नाचणीची शेतं आहेत. इथे जंगल वाचवायचं तर माणसाला बाजूला सारून चालणार नाही. गाडगीळ समितीने २०११ मध्ये हेच सांगितलं होतं, ग्रामसभेला विचारा. तो अहवाल 'विकासविरोधी' म्हणून बदनाम झाला. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचला? मीही वाचला नव्हता, बदनामीच आधी ऐकली होती. त्यानंतर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून एकामागून एक निघत राहिले.

आता सह्याद्रीत पंप्ड स्टोरेजचे वीजप्रकल्प येऊ घातलेत. जनसुनावण्या होतात, होतील. वीज लागणार आहे, कोळशापेक्षा हे बरं असंही म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य आहे. मी डोळे झाकून 'नको' म्हणायला सांगत नाही. पण तिथल्या मास्तरांनी केलं तेवढं तरी करूया.

अहवाल मागून घ्या. मराठीत नसेल तर मराठीत मागा. 'अटींसह मंजुरी' असं लिहिलं असेल तर त्या अटी मोठ्याने वाचा, चावडीवर वाचा. कोण पाळणार, कोण तपासणार, नाही पाळल्या तर काय, हे विचारा. आणि वगळलेला तुकडा कुठला ते नकाशावर शोधा. गोम बहुतेक तिथेच असते.

आणखी एक. जिंकलं म्हणजे संपलं असंही नाही. उद्यान झाल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी, २००१ च्या सुमारास, उद्यानाच्या हद्दीबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला पात्रक्कडवू इथे नव्या धरणाचा प्रस्ताव आलाच. लोक पुन्हा उभे राहिले. २००७ मध्ये उद्यानाभोवतीचा १४८ चौरस किलोमीटरचा भाग संरक्षक पट्टा म्हणून जोडला गेला.

परत निघताना गाईडला मी आमच्या धरणाबद्दल सांगितलं, आईचं गाव पाण्याखाली आहे म्हणून. त्याला किती कळलं माहीत नाही. त्याने विचारलं, "सार, अम्मा अभी?" म्हटलं, आहे, ऐंशी ओलांडली. तो म्हणाला, "अम्मा को यहाँ लाओ."

आईला सांगितलं. गुडघ्यांमुळे तिला येवढा प्रवास झेपणार नाही. फोनमधले फोटो मात्र तिने एकेक करून सगळे पाहिले. दरीच्या फोटोवर थांबली आणि विचारलं, "ह्यातली वाट कुठं गेली?" मी म्हटलं, वाट नाही तिथे, जंगल आहे. मग म्हणाली, "असू दे. निदान दिसतंय तरी."

तुमच्या तालुक्यात जनसुनावणी लागली असेल तर तारीख आणि ठिकाण खाली लिहा. ज्यांचं आजोळ, माहेर, गाव धरणात गेलं त्यांनी गावाचं नाव लिहा. एवढी तरी नोंद राहू दे.