‘वासा’ तोफांच्या भाराने बुडाली नाही

स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याला तोफांचा हव्यास होता, त्याने जहाजाला झेपणार नाहीत इतक्या तोफा चढवायला लावल्या आणि म्हणून ‘वासा’ पहिल्याच सफरीत बुडाली, असे सर्रास सांगितले जाते. व्यवस्थापनाच्या वर्गांत तर हट्टी वरिष्ठ आणि दबलेले कारागीर यांचा दाखला म्हणून हीच कथा येते. पण 1961 साली हे जहाज स्टॉकहोमच्या बंदरातून जवळजवळ अखंड वर काढले गेले. आता ते मोजता येते, आणि मापे या कथेच्या बाजूने उभी राहत नाहीत.

वासावर 64 तोफा होत्या. पैकी 48 तोफा 24 पौंडी. आकडा दरारा बसवणारा आहे खरा, पण या काशाच्या तोफा नव्या, हलक्या घडणीच्या होत्या. सगळ्यांचे वजन 60 टनांच्या जरा वर, तर भरल्या जहाजाचा भार सुमारे 1,200 टन. म्हणजे शेकडा पाच! एवढ्या मोठ्या जहाजाला हे ओझे जड नव्हे.

दोष लाकडात आहे. पाण्याखालचा भाग अरुंद, आणि त्यावर उंच, अवजड इमला. त्या काळचा खलाशी सरासरी 1.67 मीटर उंचीचा. त्याला लागेल त्याहून तोफमजले उंच ठेवलेले. मजल्यांच्या तुळया गरजेपेक्षा जाड, आणि फार जवळजवळ बसवलेल्या. त्यामुळे तोफा ठेवण्याआधीच गुरुत्वमध्य वर सरकलेला होता.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मी मान्य करतो. वरच्या मजल्याच्या खिडक्या 12 पौंडी तोफांच्या मापाच्या आहेत आणि तिथे 24 पौंडी बसल्या. तोल त्याने आणखी ढळला असणार; पण मुळात ढळलेला तोल त्याने निर्माण झाला नाही. तळाशी आणखी नीरम भरायला हवे होते, हे म्हणणेही टिकत नाही. सुमारे 120 टन दगड होतेच; आणखी भरले असते तर खालच्या खिडक्या पाण्याच्या अधिकच जवळ आल्या असत्या.

मापांना राजाची संमती होती, असे जहाज बुडाल्यानंतरच्या चौकशीत कारागिरांनी सांगितले. असेल, पण तोल कागदावर गणित मांडून काढण्याची रीतच तेव्हा नव्हती. परंपरेची प्रमाणे आणि डोळ्यांचा अंदाज, एवढ्यावर काम चाले. त्यात मुख्य डच कारागीर हेन्रिक हिबर्टसन 1627 साली वारला. निघण्यापूर्वी उपनौसेनापती क्लास फ्लेमिंगसमोर 30 माणसांना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळवून पाहिले. तीन फेऱ्यांतच जहाज इतके हेलकावू लागले, की फ्लेमिंगने चाचणी थांबवली. धोका कळला होता. पण बांधून झालेले जहाज रुंद कसे करणार? 10 ऑगस्ट 1628 रोजी वारा मंदच होता. तरी एका झोतात वासा डावीकडे कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरले, आणि जेमतेम 1,300 मीटर जाऊन ती बुडाली. चौकशीअंती कोणालाच शिक्षा झाली नाही.

सगळ्यात सबळ पुरावा तिच्या जुळ्या भगिनीचा आहे. ‘एप्लेट’ याच राजाने मागवली, तीही दोन तोफमजल्यांची. 2021 साली वाक्सहोल्मजवळ तिचे अवशेष सापडले. तिचा सांगाडा वासाहून रुंद निघाला. 1629 साली पाण्यात उतरलेली ती सुमारे 30 वर्षे चालली आणि 1659 साली तिला मुद्दाम बुडवण्यात आले, तिथल्या जलमार्गात अडथळा उभा करण्यासाठी.