व्याख्यानातून व्यवसाय : भाषण करून नवे ग्राहक कसे मिळतात?

फेब्रुवारी उजाडला की महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. अर्थसंकल्प सादर झाला, की आठ-दहा दिवसांत एखादी व्यापारी संघटना, रोटरी क्लब, सहकारी बँक किंवा वाचनालय अर्थसंकल्पावर व्याख्यान ठेवते. बोलणारा बहुधा गावातलाच चार्टर्ड अकाउंटंट असतो. मानधन शाल-श्रीफळापुढे फारसे जात नाही, तयारीला दोन रात्री जातात आणि ऐन हंगामातली एक संध्याकाळ खर्ची पडते. तरी सहसा कोणी नाही म्हणत नाही. समोर बसलेल्यांत दुकानदार, कारखानदार, डॉक्टर आणि नुकतेच निवृत्त झालेले लोक असतात. मार्चअखेर तोंडावर आलेली असते आणि त्यांतल्या प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या सीएकडे जायचेच असते.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव अर्थातच नानी पालखीवाला यांचे. १९५८ साली मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलातल्या लहानशा सभागृहात त्यांचे अर्थसंकल्पावरचे पहिले व्याख्यान झाले. पुढे गर्दी इतकी वाढली की ही सभा ब्रेबर्न स्टेडियमवर भरू लागली. १९९४पर्यंत हा शिरस्ता चालला. पालखीवालांना त्यातून अशील मिळवायचे नव्हते, पण एक गोष्ट त्या व्याख्यानांनी दाखवून दिली : कराचा रुक्ष विषय सोप्या भाषेत कोणी सांगणार असेल, तर माणसे उभे राहूनही ऐकतात. आज तालुक्याच्या ठिकाणी होणारी व्याख्याने त्याच सवयीवर उभी आहेत.

जाहिरातीला मनाई, व्याख्यानाला मुभा

भारतात व्याख्यानाला व्यावसायिक महत्त्व येण्यामागे एक ठोस कारण आहे. काही व्यवसायांना जाहिरात करण्याची मोकळीक नाही. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६नुसार प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करून काम मागता येत नाही. २००८च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशी मोजकी माहिती देता येते, एवढेच. चार्टर्ड अकाउंटंटवर १९४९च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे बंधन आहे. वास्तुविशारदांसाठी १९८९चे आचारनियम आहेत.

डॉक्टरांच्या बाबतीत २००२चे आचारसंहिता विनियम दोन्ही बाजू सांगतात. स्वतःची जाहिरात होईल अशा रीतीने आजार आणि उपचारांबद्दल वृत्तपत्रांत लेख किंवा मुलाखती देऊ नयेत, असे ते बजावतात. मात्र सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यदायी राहणी या विषयांवर लिहायला, जाहीर व्याख्यान द्यायला मुभा देतात. ‘मधुमेहात पायांची काळजी’ या विषयावर ज्येष्ठ नागरिक संघात बोलणे चालते; ‘आमच्या रुग्णालयातली नवी शस्त्रक्रिया’ सांगणे अडचणीत आणू शकते.

चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचे मार्गदर्शन याहून नेमके आहे. व्याख्यानात सभासदाने आपले नाव आणि सीए ही ओळख द्यावी, विषयाशी संबंधित विशेष पात्रता सांगायलाही हरकत नाही. पण प्रॅक्टिस करणाऱ्याने आपल्या फर्मचे नाव, पत्ता, सेवा यांचा उल्लेख करू नये आणि बोलणे स्वतःचा प्रचार करणारे नसावे. म्हणजे शेवटच्या स्लाइडवर फर्मचा लोगो आणि मोबाइल क्रमांक टाकणे नियमात बसत नाही. असे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निमंत्रण स्वीकारण्याआधी आपल्या परिषदेचा ताजा नियम वाचलेला बरा.

बंधन नसलेल्यांनाही, म्हणजे इंटिरिअर डिझायनर, सॉफ्टवेअर कंपन्या, यंत्रसामग्री विकणारे, प्रशिक्षक यांना, हेच पथ्य फायद्याचे ठरते. वक्ता विकायला आला आहे असे वाटले, की श्रोते खिसा सांभाळून बसतात.

तासाभरात नेमके काय घडते

कापड हाताला लावून पाहता येते, आंबा हुंगून घेता येतो. सल्ला मात्र आधी तपासता येत नाही. वकील चांगला होता की नाही, हे खटला संपल्यावर कळते, आणि तेव्हाही पुरते कळतेच असे नाही. त्यामुळे गिऱ्हाईक दुसऱ्या खुणा शोधते : हा माणूस गुंतागुंत सोपी करून सांगतो का, विचारलेल्या प्रश्नाला बगल देतो का, माहीत नसलेले माहीत नाही म्हणतो का. तासाभराच्या भाषणात या तिन्ही खुणा दिसतात. शिवाय आयोजक संस्थेने बोलावले आहे, म्हणजे कोणीतरी पारख केली असणार, असा हिशेबही मनात होतो.

येथे एक भीती हमखास आड येते. सगळे फुकट सांगितले तर लोक पैसे देऊन कशाला येतील? व्यवहारात या भीतीला फारसा आधार नाही. ऐकून जो स्वतःच काम उरकू शकतो, तो तसाही ग्राहक होणार नव्हता. बाकीच्यांना नीट समजावल्यावर हे प्रकरण किती किचकट आहे याचा अंदाज येतो आणि ते जाणकाराकडे वळतात. हातचे राखून बोलणारा वक्ता उलट ओळखू येतो. ‘त्यासाठी आमच्या कार्यालयात या’ हे वाक्य दोनदा आले, की मागच्या रांगेतल्या खुर्च्या सरकू लागतात.

सभागृह निवडणे

श्रोते तीनशे असावेत की तीस, हा प्रश्न दुय्यम आहे. तिथे बसलेल्या किती जणांवर तो निर्णय घेण्याची वेळ येणार आहे, हे पाहावे लागते.

मुंबई-पुण्यातल्या पुनर्विकासाचे उदाहरण घेऊ. जुन्या इमारतींच्या गृहनिर्माण संस्थांना वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमावा लागतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली शासनाने २००९ साली आणि सुधारून ४ जुलै २०१९ रोजी त्यासाठी कार्यपद्धती ठरवून दिली आहे. या विषयावर बोलणाऱ्या सल्लागारासमोर चाळीसच माणसे असली, तरी ती वेगवेगळ्या सोसायट्यांचे अध्यक्ष आणि सचिव असतील, तर त्यांच्यामागे हजारो घरे उभी असतात.

पण खरी अडचण इथूनच सुरू होते. ऐकणारा सचिव एकटा निर्णय घेत नाही. त्याला घरी जाऊन समितीला सांगायचे असते, समितीला सर्वसाधारण सभेला, आणि सभेत एखादे काका असतातच जे गेली अनेक वर्षे प्रत्येक ठरावाला विरोध करत आले आहेत. अंतिम प्रस्तावाला निम्म्याहून अधिक सभासदांची संमती लागते. म्हणून या क्षेत्रातला मुरलेला वक्ता भाषण सभागृहातल्या माणसासाठी रचत नाही. तो माणूस उद्या चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला काय सांगेल, यासाठी रचतो. तो एक पानी मराठी टिपण वाटतो. त्यात प्रक्रियेचे टप्पे क्रमाने दिलेले असतात, प्रत्येक टप्प्यावर कोणती कागदपत्रे हवीत ते असते, आणि विकसकाला विचारायचे पाच-सहा प्रश्न असतात. ते पान सोसायटीच्या फायलीत जाते. सहा महिन्यांनी विषय निघतो तेव्हा वक्त्याचा चेहरा कोणाला आठवत नाही, पण पान सापडते.

शेती निविष्ठांच्या व्यवसायात हेच काम शिवार फेरी करते. तिथे सभागृहाऐवजी बांधावर बोलणे होते आणि वक्त्यापेक्षा ज्याच्या शेतात उभे आहोत त्या शेतकऱ्याचा शब्द जड असतो. कंपनीच्या माणसाने तिथे कमी बोलावे हेच शहाणपणाचे.

व्यावसायिकांसाठी व्यासपीठांची वाण नाही. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी सुरू केलेल्या रोटरीच्या क्लबांना सभेसाठी वक्ते सतत हवेच असतात. इव्हान मिस्नर यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केलेल्या बीएनआयच्या गटांत एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात आणि दर आठवड्याला प्रत्येकाला आपले काम थोडक्यात सांगावे लागते. मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब आहे, पुण्यात १९३४पासूनचे मराठा चेंबर आहे, औद्योगिक वसाहतींतल्या संघटना आहेत, सोसायट्यांचे महासंघ आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाया घातलेल्या वसंत व्याख्यानमालेसारख्या ज्ञानसत्रांकडे मात्र या नजरेने पाहू नये. तिथला श्रोता लोकशिक्षणासाठी आलेला असतो आणि धंद्याचा वास त्याला लगेच येतो.

विषय आणि घड्याळ

‘जीएसटी : एक दृष्टिक्षेप’ या शीर्षकाला कोणी घरातून निघत नाही. ‘जीएसटीची नोटीस आली तर पहिल्या आठवड्यात काय करायचे?’ याला निघतात. विषय श्रोत्याच्या अडचणीच्या नावाने असावा, वक्त्याच्या सेवेच्या नावाने नसावा.

वेळेचा हिशेब आपल्याकडे वेगळाच. कार्यक्रम सहाचा असतो आणि सव्वासहाला सुरू होतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, अध्यक्षांचे दोन शब्द, आणि मग तासाभराच्या भाषणाला पस्तीस मिनिटे उरतात. म्हणून सर्वांत उपयोगी भाग पहिल्या दहा मिनिटांत यावा आणि भाषण पंचवीस मिनिटांतही पूर्ण वाटेल असे बांधावे. परिचयाच्या चार ओळी आधीच सचिवाच्या हाती लिहून द्याव्यात; नाहीतर पदव्यांची जंत्री वाचली जाते आणि वक्ता नेमके काय काम करतो तेच राहून जाते.

बोलण्याचा सराव नसेल तर टोस्टमास्टर्सचे क्लब उपयोगी पडतात. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या या संस्थेत साधारण पाच ते सात मिनिटांचे भाषण करायचे आणि इतर सभासदांकडून त्याची चिकित्सा ऐकायची, अशी रीत आहे.

प्रश्नोत्तरांना राखलेली वेळ कधीही कापू नये. पुढचे काम बहुतेक तिथूनच येते. एखादा श्रोता स्वतःचेच प्रकरण उलगडू लागतो. त्याला सर्वांसमोर ठाम सल्ला देणे धोक्याचे असते. कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण अशा प्रकरणांत साधारण या दोन गोष्टी पाहिल्या जातात, असे उत्तर प्रामाणिकही असते आणि पुढच्या भेटीला वाटही ठेवते.

जेवणासह मोफत व्याख्यान

या पद्धतीचा गैरवापरही भरपूर होतो. हॉटेलात जेवणाचे निमंत्रण, निवृत्तांची गर्दी आणि शेवटी गुंतवणुकीचा अर्ज, हा प्रकार जगभर आढळतो. अमेरिकेतल्या नियामकांनी २००७ साली अशा ‘फ्री लंच’ सभा भरवणाऱ्या ११० कंपन्यांची तपासणी जाहीर केली. शैक्षणिक म्हणून भरवलेल्या या सभा प्रत्यक्षात विक्रीच्याच होत्या. निम्म्या ठिकाणी दिशाभूल करणारे किंवा फुगवलेले दावे आढळले आणि १३ टक्के ठिकाणी फसवणुकीच्या खुणा. भारतातही शेअर बाजाराचे शिक्षण देतो म्हणत प्रत्यक्षात शेअर सुचवणाऱ्यांना आवर घालण्यासाठी सेबीने जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट केले की, निव्वळ शिक्षण देणाऱ्याने लगतच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअरबद्दल बोलू नये.

श्रोत्यासाठी खूण सोपी आहे. आजच सही केली तर सवलत, असे जिथे ऐकू येते तिथून जेवून किंवा न जेवता, पण सही न करता बाहेर पडावे. प्रामाणिक व्यावसायिकासाठी याचा अर्थ असा की त्याच्या व्याख्यानाला येणाऱ्यांपैकी काहींनी अशी सभा आधी पाहिलेली असते, आणि त्यांचा संशय वाजवी असतो.

भाषणानंतर

हजेरीपटावरचे मोबाइल क्रमांक परस्पर व्हॉट्सअॅप गटात जोडणे ही सर्रास चूक आहे. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेला कायदा संमतीवर भर देतो. कायदा बाजूला ठेवला तरी लोक वैतागून गट सोडतात ते सोडतातच. टिपण हवे असलेल्यांनी आपणहून नाव लिहावे, असा वेगळा कागद ठेवावा आणि कबूल केलेले टिपण दोन-तीन दिवसांत पाठवावे. ज्यांचा प्रश्न वेळेअभावी राहिला, त्यांना उत्तर कळवावे. ही साधी गोष्ट फारच थोडे वक्ते करतात.

फळाची वाट किती पाहायची? समजा साठ श्रोत्यांतून पाच जणांनी चौकशी केली आणि वर्षभरात एकाचे काम आले. चष्म्याच्या दुकानाला हा व्यवहार परवडणार नाही. पुनर्विकासाच्या सल्लागाराला त्या एका कामात पुढच्या कित्येक व्याख्यानांचा खर्च सुटतो. एका कामातून मिळणारी रक्कम मोठी, निर्णयाला लागणारा काळ लांब आणि विश्वासाची गरज जास्त, अशा व्यवसायांना हा मार्ग मानवतो. नवीन ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ हा प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहून ठेवले, तर कोणत्या सभागृहात पुन्हा जायचे आणि कुठले निमंत्रण नम्रपणे नाकारायचे, हे दोन वर्षांत कळू लागते.