तळटीप : पुलगावची छावणी

मूळ मजकुरात पुलगावच्या लष्करी तळाला ‘युद्धकालीन प्रशिक्षण छावणी’ म्हटले आहे. ते बरोबर नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे उभे राहिले ते दारूगोळ्याचे कोठार. ‘पुलगाव कॅम्प’ या चालू नावामुळे घोटाळा होतो. तोफखान्याचे प्रशिक्षण १९४१पासून देवळालीत होते, कारण त्याला माऱ्याची मोकळी मैदाने लागतात. कोठाराला हवे असतात समुद्रापासूनचे अंतर आणि रेल्वे. एप्रिल १९४२मध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडल्यावर पहिल्या गरजेचे मोल कोणालाही कळावे. दुसरी गरज भुसावळ-नागपूर लोहमार्गाने भागवली. विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला युद्धविरोधी सत्याग्रह आरंभला, त्याच जिल्ह्यात हे कोठार यावे, यात काहींना सरकारचा डिवचण्याचा हेतू दिसतो. योगायोग बोचरा खराच. पण पवनार नकाशावर नसते, तरी रूळ आणि समुद्राचे अंतर तेच राहिले असते. तळावर जवान राहत, कवायतही होत असणार, असा आक्षेप येईल. कवायत प्रत्येक ठाण्यात होते. तळाचे मुख्य काम साठवणीचे. ३१ मे २०१६च्या पहाटे इथे आग लागून पंधराहून अधिक जवान व अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले, तेव्हा पेटला होता तो साठवलेला दारूगोळाच. — संपा.